उंदराच्या तळव्यावरची औषधपरीक्षा

कुष्ठरोगाचा जंतू, मायकोबॅक्टेरियम लेप्री, प्रयोगशाळेतल्या कोणत्याही कृत्रिम माध्यमावर वाढत नाही. त्यामुळे एखादे औषध त्याला मारते का, हे काचेच्या बशीत पाहण्याची सोय नाही. यावर 1960 मध्ये अमेरिकेतील चार्ल्स शेपर्ड यांनी वाट काढली ती उंदराच्या मागच्या पायाच्या तळव्यातून. उरलेल्या शरीरापेक्षा ही जागा थंड असते आणि या जंतूला थंडावा मानवतो.

रुग्णाच्या त्वचेचा तुकडा वाटून त्याचा द्राव करतात. त्याचा थेंब काचपट्टीवर वाळवून रंगवला, की सूक्ष्मदर्शकाखाली निळसर पटलावर लाल कांड्या दिसतात. काही सलग रंगलेल्या, काही मणी ओवल्यासारख्या तुटक; तुटक दिसणारे जंतू मेलेले धरतात. मोजणी झाली, की सुमारे 5,000 जंतू असलेला 0.03 मिलिलिटर द्राव बारीक सुईने तळव्यात टोचतात. इथून पुढे मुख्य काम वाट पाहण्याचे. हा जंतू दुप्पट व्हायला 12 ते 14 दिवस घेतो; दहा लाखांच्या आसपास जायला सहा महिने लागतात आणि तिथे उंदराची प्रतिकारशक्ती त्याला थोपवते.

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे पहिल्या दिवसापासून खाद्यात औषध मिसळणे. पण जंतू वाढले नाहीत, तर ते मेले की नुसते दबून राहिले, हे त्यातून कळत नाही. ही उणीव मोठी आहे, कारण रुग्णाच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच असतो. म्हणून उंदरांच्या वेगवेगळ्या गटांना 5,000, 500, 50 आणि 5 असे उतरत्या प्रमाणात जंतू टोचतात, ठरावीक काळ औषध देतात, मग ते बंद करून वर्षभर थांबतात. शेवटी कोणत्या गटात किती तळव्यांमध्ये वाढ झाली, ते औषध न दिलेल्या उंदरांशी ताडून जिवंत उरलेल्या जंतूंचे प्रमाण काढतात.

कुष्ठरोगावरच्या डॅप्सोन या औषधाला दाद न देणारे जंतू 1964 मध्ये याच तळव्यात सिद्ध झाले. 1970 मध्ये रिफाम्पिसिनची मारकशक्ती इथेच दिसली. पुढे बहुविध औषधोपचारात ते महिन्यातून एकदा देण्यात आले. औषधरोध आता जनुकीय तपासणीने लवकर कळतो. नव्या औषधाची मारकता मात्र जनुकांवरून वाचता येत नाही, त्यामुळे बेडाक्विलिनलाही आधी उंदराच्या तळव्यातूनच जावे लागले.