ऑयलरची मूळ संख्या : २,१४,७४,८३,६४७

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस ही मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः यांखेरीज कोणत्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही. २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केला की ती मिळते. अशा रूपाच्या मूळ संख्यांना फ्रेंच गणिती मेर्सेन यांचे नाव आहे. त्यासाठी घातांक मूळ असावाच लागतो, पण तेवढे पुरत नाही: ११ मूळ आहे, तरी २ च्या ११ व्या घातातून १ वजा करून येणारी २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९.

मेर्सेन यांनी १६४४ मध्ये दिलेल्या घातांकांच्या यादीत ३१ होता, पण त्याच यादीतले ६७ आणि २५७ पुढे चुकीचे ठरले. ३१ ची खात्री लिओनार्ड ऑयलर यांनी पटवली. बर्नुली यांना लिहिलेल्या पत्रातून ती १७७२ मध्ये प्रसिद्ध झाली. तोवर ऑयलर जवळजवळ अंध झाले होते.

एखादी संख्या मूळ आहे का, हे ठरवायला तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भाग देऊन पाहावे लागते. इथे वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे जाते आणि तिथवर सुमारे ४,८०० मूळ संख्या आहेत. एवढे भागाकार हातानेच करायचे! ऑयलर यांनी आधी विचार केला. या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्याला ६२ ने भागल्यावर बाकी १ उरली पाहिजे आणि ८ ने भागल्यावर १ किंवा ७. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ बाकी ठेवणाऱ्या मूळ संख्याच उरतात, त्याही शंभराहून कमी. त्यांतली पहिली ३११. तिने भागल्यास बाकी ३५ उरते, म्हणजे ती बाद. अशा एकेक करून सगळ्या बाद झाल्या. कष्ट कमी करणारा हा युक्तिवाद खुद्द निकालाइतकाच मोलाचा आहे.

या निकालातून आठवी परिपूर्ण संख्याही हाती आली. स्वतःला वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच भरते, ती परिपूर्ण संख्या. ६ म्हणजे १ + २ + ३. ऑयलरच्या संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणले की २३०५८४३००८१३९९५२१२८ येते. यापेक्षा मोठी परिपूर्ण संख्या कधीच सापडणार नाही, असे पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये लिहिले, कारण निरुपयोगी कुतूहलापोटी एवढे कष्ट कोण घेणार, असे त्यांना वाटे. १८७६ मध्ये ल्यूका यांनी नवी कसोटी वापरून २ चा १२७ वा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे दाखवले आणि तिच्यामुळे त्याहून मोठी परिपूर्ण संख्या मिळाली.

संगणकात हीच संख्या मर्यादा म्हणून येते. ३२ बिटांपैकी एक चिन्हासाठी राखला, की उरलेल्या ३१ बिटांत मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या हीच. युनिक्स प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजते. ज्या यंत्रांत ही मोजणी ३२ बिटांतच ठेवली आहे, तिथे १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ती या संख्येवर पोहोचेल. पुढच्या सेकंदाला आकडा ऋण होऊन तारीख डिसेंबर १९०१ मध्ये जाईल. म्हणूनच नव्या प्रणालींत वेळेसाठी ६४ बिट वापरतात.