निसर्गाचा हिशेब आणि पीएचडी

दोन शाखा, दोन प्रश्न
मासे, जंगल, भूजल, कोळसा आज किती वापरायचे आणि उद्यासाठी किती राखायचे, हा नैसर्गिक संसाधन अर्थशास्त्राचा प्रश्न. हॅरोल्ड हॉटेलिंग यांचा संपणाऱ्या साठ्यांवरील १९३१चा निबंध या शाखेचा पाया मानला जातो. पर्यावरणीय अर्थशास्त्राचा मुख्य विषय प्रदूषण: धूर एकाचा, खोकला दुसऱ्याचा, मग खर्च कोणाच्या माथी?

पीएचडीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) नियम (२०२२)
• मुदत किमान ३, कमाल ६ वर्षे. महिलांना २ वर्षांची जादा सवलत.
• प्रबंधाआधी किमान १२ क्रेडिटचा अभ्यासक्रम.

गाजलेला प्रबंध
लॉस एंजेलिसजवळच्या वेस्ट बेसिनमध्ये बेसुमार उपशामुळे समुद्राचे खारे पाणी भूजलात शिरू लागले. पाणी उपसणाऱ्यांनीच एकत्र येऊन, कोर्टकचेऱ्या आणि वाटाघाटी करत उपशाला लगाम घातला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी त्यांच्या बैठकांना हजर राहून, दप्तरे चाळून हा सारा व्यवहार टिपला आणि १९६५ मध्ये पीएचडी मिळवली. पदवी राज्यशास्त्राची होती, हे विशेष. २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

महाराष्ट्रात
अर्थशास्त्रातील संशोधनासाठी पुण्याची गोखले संस्था (१९३०) आणि मुंबईची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था (१९८७) ही ठळक नावे.

शेजारचे उदाहरण
गुजरातमधील सुरतमध्ये कारखान्यांच्या धुरातील धूलिकणांच्या परवान्यांची खरेदी-विक्री २०१९ मध्ये सुरू झाली. धूलिकणांसाठीचा हा जगातील पहिला बाजार मानला जातो.