राजगड-तोरणा : लाव्हारसाच्या पायऱ्या

ज्वालामुखी म्हटला की शंकूच्या आकाराचा डोंगर आणि त्याच्या माथ्यावरील धुमसते विवर आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. हवाई बेटांवर 1916 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानात जगभरचे प्रवासी जिवंत ज्वालामुखी पाहावयास जातात. भोर-वेल्ह्याच्या मुलखाला कोणी असे उद्यान म्हणत नाही. पण येथील प्रत्येक कडा लाव्हारसाचाच आहे. मात्र विवर शोधण्याच्या इराद्याने कोणी गेला, तर त्याच्या पदरी निराशाच येईल.

याचे कारण दख्खनच्या उद्रेकाच्या रीतीत आहे. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी येथील भूकवचाला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हारस बाहेर येऊन दूरवर पसरला. तो थिजला, काही काळाने त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. आज सुमारे 5 लक्ष चौरस किलोमीटर प्रदेशावर हे थर शिल्लक आहेत. भूशास्त्रज्ञ त्यांना 'ट्रॅप' म्हणतात. जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून हे नाव आले आहे, आणि वेल्ह्याच्या रस्त्यावरून तोरण्याकडे पाहिले की ते किती चपखल आहे हे पटते.

तेव्हा 1403 मीटर उंचीचा तोरणा किंवा शेजारचा राजगड हे विझलेले ज्वालामुखी नव्हेत. तोरण्याच्या बुधला माचीवरील सुळका पाहून पुष्कळांचा तसा समज होतो. हे थर एके काळी सलग होते. कानंदी, गुंजवणी यांसारख्या नद्यांनी ते कापून नेले आणि मधला भाग गड म्हणून उरला.

हे ध्यानी घेतले की सहलीची आखणी सोपी होते. दोन्ही गड एका दिवसात उरकण्याचा हट्ट काही मंडळी धरतात. त्यात पायांना व्यायाम होतो, पाहणे मात्र होत नाही. एकच गड निवडावा, आणि पहिल्या खेपेस तो राजगड असावा. गुंजवणे गावातून चोरदरवाजाने चढणारी वाट अखेरीस उभ्या कातळातून जाते. पाली दरवाजाची वाट पायऱ्यांची व त्या मानाने सोपी आहे. चढताना पायाखाली लक्ष ठेवावे. जेथे उभा काळा कातळ लागतो तेथे लाव्हाचा घट्ट थर आहे. जेथे उतार मंदावून झुडपे व मुरूम लागतो तेथे थर सच्छिद्र आणि ठिसूळ आहे. या सच्छिद्र खडकात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या दिसतात व काहींत पांढरे स्फटिक भरलेले असतात. ते पाहावेत, फोडून आणू नयेत. जुलै 2025 मध्ये राजगडाचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला आहे. त्याआधीही हातोडी चालविण्याची परवानगी कोणाला नव्हतीच!

सुवेळा माचीवरील नेढे अवश्य पाहावे. कातळाच्या भिंतीतील कच्चा भाग ऊन, वारा व पाऊस यांनी झिजून हे आरपार भोक पडले आहे. गडाची रचनाही याच थरांवर उभी आहे. निसर्गाने जेथे कडा दिला तेथे तट घालण्याचे काम वाचले. माच्या सपाट पट्ट्यांवर विस्तारल्या. बालेकिल्ला वरच्या कातळावर बसला. घट्ट कातळात खोदलेली टाकी पावसाचे पाणी धरून ठेवतात. राजधानीचा हा गड सुमारे पाव शतक नांदता राहिला तो या पाण्याच्या बळावर. त्या टाक्यांत हातपाय धुणाऱ्या सहलींबद्दल काय लिहावे?

आता ऋतूविषयी. पावसाळ्यात धबधबे सुंदर दिसतात हे खरे. पण ओला बेसॉल्ट साबणासारखा निसरडा होतो आणि धुक्यात वाट चुकते. शिवाय उतारावरील मुरूम व माती पाणी पिऊन जड झाली की खालच्या कातळावरून सुटते. 30 जुलै 2014 रोजी आपल्याच जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव असेच गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. अतिवृष्टीचा इशारा असता सहल पुढे ढकलण्यास प्राध्यापकांनी मुलांच्या आग्रहाला भीक घालू नये. डिसेंबर-जानेवारीत गवत वाळते, थरांच्या रेषा स्पष्ट दिसतात आणि ऊनही सोसते. कड्यांवर मधमाश्यांची पोळी असतात. तेथे धूर, अत्तर व आरडाओरडा वर्ज्य.

ज्यांना चढण झेपत नाही त्यांनी भोरहून नीरा-देवघर धरणाच्या कडेने वरंधा घाटाकडे जावे. रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरात थर हाताच्या अंतरावर दिसतात. हा घाट पावसाळ्यात पुष्कळदा बंद असतो, म्हणून आधी चौकशी करावी. वेल्ह्याच्या बाजूने केळदजवळचा मढे घाट तसाच; तेथे सह्याद्री एकाएकी कोकणात तुटतो. हे कडे पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे तेथे दुपारनंतर पोचावे.

पुण्याहून जाणाऱ्यांनी सातारा रस्त्यावरील चेलाडी फाट्याला वळून नसरापूरमार्गे वेल्ह्याची वाट धरावी. माणशी किमान 3 लिटर पाणी, टोपी, पकड चांगली असलेले बूट आणि शक्य तर एखादे भिंग घ्यावे. गडावर मुक्काम करू दिला जाईल असे गृहीत धरू नये. उजेड आहे तोवर पायथा गाठता येईल अशा बेताने पहाटेच चढू लागावे.