धरणं पाडल्यावर

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिक पर्वतातून एल्व्हा नदी उतरते आणि जेमतेम ७२ किलोमीटर वाहून समुद्राला मिळते. एवढ्याशा नदीत पॅसिफिक सामनच्या पाचही जाती येत; वर्षाला सुमारे ४ लाख मासे, असा अंदाज आहे. १९१० साली थॉमस ऑल्डवेल या उद्योजकाने मुखापासून ८ किलोमीटरवर विजेसाठी धरण बांधायला घेतलं. धरण बांधताना माशांना वर जायला वाट ठेवली पाहिजे, असा राज्याचा कायदा १८९० पासून होता. ती वाट ठेवलीच नाही. मग राज्याच्या मत्स्यआयुक्तांनी तोड काढली : वाट नसली तरी चालेल, धरणाला लागून हॅचरी काढा, अंडी तिथे उबवू. १९२२ पर्यंत ती हॅचरीही बंद पडली. पुढे १९२७ मध्ये नदीच्या वरच्या अंगाला ग्लाइन्स कॅन्यनचं ६४ मीटर उंचीचं दुसरं धरण उभं राहिलं.

सामनच्या ऱ्हासाचं मूळ मला या सौद्यात दिसतं. नदी आम्हाला द्या, मासे आम्ही तयार करून देतो. पॅसिफिक किनाऱ्यावर हे वचन नदीमागून नदीला दिलं गेलं. माशाला नदीकडून काय काय लागतं याची पुरती कल्पना ते देणाऱ्यांना नव्हती.

सामनची मादी शेपटीच्या फटकाऱ्यांनी खडीत खळगा करते, त्यात अंडी घालते आणि खडीनेच ती झाकते. खडीच्या फटींतून थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी झिरपत राहिलं तरच अंडी जगतात. बारीक गाळ बसला की गुदमरतात. कोहो जातीच्या सामनची पिल्लं वर्षभर नदीतच राहतात. त्यांना संथ डोह लागतात, आडव्या पडलेल्या झाडांचा आडोसा लागतो. मग ती समुद्रात जातात, वाढतात आणि जन्मनदीच्या पाण्याचा वास ओळखत परत येतात. अंडी घातली की मरतात. त्यांच्या कलेवरांतून समुद्रातला नायट्रोजन काठच्या झाडांपर्यंत पोचतो. धरण माशाला अडवतं हे सगळ्यांना दिसतं. ते खडी आणि ओंडकेही अडवतं, हे लवकर ध्यानात येत नाही. एल्व्हाच्या धरणाखाली वर्षानुवर्षं नवी खडी आलीच नाही, आणि तळाशी उरले अंडी घालायला निरुपयोगी मोठे गोटे.

ओंडक्यांची गोष्ट तर जिवाला लागते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर काही दशकं सरकारी खात्यांनी ओढ्यांतली पडलेली झाडं माशांच्या भल्यासाठी म्हणून उपसून काढली. आज त्याच भागात यंत्रं लावून, काही ठिकाणी हेलिकॉप्टरने, ओंडके पुन्हा पात्रात आणून ठेवतात.

एल्व्हाच्या मुखाशी राहणाऱ्या क्लालम आदिवासींनी नदीवरचा आपला हक्क कधी सोडला नाही. १९९२ साली अमेरिकी काँग्रेसने नदीच्या पुनरुज्जीवनाचा कायदा केला, तरी पाडकामाला सप्टेंबर २०११ उजाडला. दोन्ही जलाशयांत मिळून सुमारे २ कोटी घनमीटर गाळ साचला होता, म्हणून वरचं धरण टप्प्याटप्प्याने उतरवलं आणि ऑगस्ट २०१४ मध्ये त्याचा शेवटचा भाग सुरुंगाने उडवला. नदी महिनोन्‌महिने गढूळ वाहिली. पण त्याच गाळातली वाळू मुखाशी पोचली आणि झिजत चाललेला किनारा पुन्हा भरला. खालच्या जलाशयाचं पाणी ओसरल्यावर क्लालम लोकांचं उत्पत्तिस्थान मानलं जाणारं पवित्र ठिकाणही शतकानंतर उघडं झालं.

मला सर्वांत थक्क करतो तो स्टीलहेड. धरणांच्या वर अडकलेले रेनबो ट्राउट पिढ्यान्‌पिढ्या गोड्या पाण्यात जगले. स्टीलहेड ही त्याच जातीची समुद्रात जाणारी शाखा. वाट मोकळी झाल्यावर उन्हाळी स्टीलहेड आपणहून नदीत दिसू लागले. समुद्राकडे जाण्याची उपजत ओढ त्या वरच्या माशांमध्ये टिकून होती. हे कोणत्याही हॅचरीने केलेलं नाही. चिनूक सामनच्या पुनरागमनाची चाल मात्र मंद आहे. क्लालम लोकांनी वर्षानुवर्षं मासेमारी थांबवून ठेवली, आणि २०२३ मध्ये विधींपुरती आणि घरच्या खाण्यापुरती कोहोची मासेमारी पुन्हा सुरू केली.

दक्षिणेला, ऑरेगन-कॅलिफोर्निया सीमेवरच्या क्लॅमथ नदीची लढाई अधिक कडवी होती. सप्टेंबर २००२ मध्ये तिच्या खालच्या पात्रात, कोमट आणि उथळ पाण्यात पसरलेल्या रोगाने ३० हजारांहून अधिक प्रौढ सामन मेले. आदल्या वर्षीच्या दुष्काळात शेतकऱ्यांचं पाणी तोडलं होतं. २००२ मध्ये ते दिलं गेलं. शेतकरी आणि कोळी समोरासमोर उभे ठाकले. युरोक, करुक, हूपा आणि क्लॅमथ हे आदिवासी लोक धरणमालक कंपनीच्या दारात स्कॉटलंडपर्यंत जाऊन धडकले. अखेर हिशेबही मदतीला आला : नव्या परवान्यासाठी माशांच्या शिड्या बांधायच्या तर खर्च पाडकामापेक्षा जास्त येत होता. २०२३-२४ मध्ये चार धरणं उतरवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये काम संपत आलं, आणि त्याच महिन्यात ऑरेगनमधल्या एका उपनदीत चिनूक दिसला. १९१२ नंतर तिथे पहिल्यांदाच.

क्लॅमथचं काम पुरं झालेलं नाही. वरच्या अंगाला दोन धरणं अजून उभी आहेत आणि वरच्या तलावाचं पाणी उन्हाळ्यात शेवाळाने हिरवं होतं. सगळा अडथळा धरणांचाच असतो असंही नाही. रस्त्यांखालच्या अरुंद, उंचावर लटकलेल्या मोऱ्या शेकडो ओढे बंद करतात. करारात दिलेला मासेमारीचा हक्क अशा मोऱ्यांमुळे पोकळ ठरतो, हा आदिवासींचा दावा २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४ विरुद्ध ४ मतांनी टिकला आणि वॉशिंग्टन राज्याला मोऱ्या बदलाव्या लागत आहेत.

खरी कसोटी स्नेक नदीवर आहे. आयडाहोच्या रेडफिश तलावात अंडी घालणारा सॉकाय सामन समुद्रापासून सुमारे १,४५० किलोमीटर आत आणि २,००० मीटर उंचीवर येतो. वाटेत त्याला आठ धरणं ओलांडावी लागतात. १९९२ साली तिथे फक्त एक मासा पोचला. स्नेकच्या खालच्या टप्प्यातली चार धरणं काढावीत असं आदिवासी आणि अनेक मत्स्यशास्त्रज्ञ म्हणतात. गव्हाच्या बार्जची वाहतूक आणि वीज जाईल म्हणून शेतकरी आणि वीजसंस्था विरोध करतात. त्यांची चिंता खोटी नाही आणि तिला रेल्वेची, दुसऱ्या विजेची तजवीज करूनच उत्तर द्यावं लागेल. डिसेंबर २०२३ मध्ये संघराज्य सरकारने आदिवासींशी आणि दोन राज्यांशी त्या दिशेने करार केला होता. जून २०२५ मध्ये नव्या सरकारने त्यातून अंग काढून घेतलं.