‘ही बी वर्किंग’ हे चुकीचं इंग्रजी आहे का?

रोजच्या बोलण्यातल्या इंग्रजीला सरसकट ‘चुकीचं’ म्हणणं मला अजिबात पटत नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीचंच बघा. ‘ही वर्किंग’ म्हणजे तो आत्ता कामात आहे. ‘ही बी वर्किंग’ म्हणजे तो एरवी काम करत असतो. या क्षणी तो गाढ झोपलेला असला तरी वाक्य खरंच ठरतं. म्हणूनच ‘ही बी वर्किंग राइट नाऊ’ हे त्या बोलीत वाढलेल्या माणसाच्या कानाला खटकतं. एका ‘बी’मुळे ‘आत्ता’ आणि ‘नेहमी’ वेगळे होतात! याला अडाणीपणा म्हणायचं की व्याकरण? भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या मुलांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून अभ्यासलं आणि या बोलीला स्वतःचे पक्के नियम आहेत हे दाखवून दिलं. त्यांचं त्यावरचं पुस्तक १९७२चं.

दुहेरी नकाराचंही तसंच. ‘आय डोन्ट नो नथिंग’ ऐकून आपण नाक मुरडतो, पण चॉसर आणि शेक्सपिअर दोघांच्या लेखनात दुहेरी नकार आहेत. दोन नकार मिळून होकार होतो, हा दंडक अठराव्या शतकात रॉबर्ट लाउथसारख्या व्याकरणकारांमुळे रुजला.

नोकरीच्या अर्जात, परीक्षेत प्रमाण इंग्रजीच लिहावं लागतं, ते शिकायलाच हवं. पण कुणी गप्पांत वेगळं इंग्रजी बोललं, तर लगेच लाल पेन काढू नका. आधी त्यातला नियम शोधा.