बोलके बावटे, मुके तोरण

ओझरच्या विघ्नहराचा सोन्याचा कळस पाहताना समुद्र आठवायचे तसे काही कारण नाही. शेजारी कुकडी, येडगाव धरणाचा फुगवटा, उसाचे मळे. पण हा कळस चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर चढवला, असे परंपरा सांगते. मे १७३९मध्ये वसई पडली, तेव्हा पोर्तुगीज शिबंदीला हत्यारांसह, ढोल वाजवत, निशाणे फडकवत किल्ल्याबाहेर पडू दिले होते. हरलेल्याच्याही निशाणाचा मान ठेवायचा, हा त्या काळचा रिवाज. युद्धनौकांवर तो अजून टिकून आहे, फक्त त्याला आता घड्याळ आणि नियमावली आली आहे.

जहाज बंदरात असेल तर सकाळी आठ वाजता पुढे नाळेवर तिरंगा चढतो आणि मागे नौदलाचे निशाण. सूर्यास्ताला दोन्ही उतरतात. भर समुद्रात निशाण रात्रंदिवस राहते. शोक असेल तर निशाण थेट अर्ध्यावर नेत नाहीत; आधी शेंड्यापर्यंत चढवून मग खाली आणतात, उतरवतानाही पुन्हा एकदा वर नेतात. व्यापारी जहाज शेजारून जाताना आपले निशाण थोडे खाली घेऊन सलामी देते, आणि युद्धनौका तसेच उत्तर देते.

खरी हौस दिसते ती २६ जानेवारी, १५ ऑगस्टसारख्या दिवशी. नाळेपासून डोलकाठीच्या शेंड्यापर्यंत आणि तिथून मागच्या टोकापर्यंत रंगीत बावट्यांचे तोरण चढते. हे बावटे शोभेचे नव्हेत, ते संदेशाचे. एरवी त्यातला एकेक बोलतो: निळा-पांढरा ‘ए’ सांगतो की पाणबुड्या पाण्यात आहे, लांब राहा, लाल ‘बी’ म्हणजे जहाजावर धोक्याचा माल, लाल-पिवळा ‘ओ’ म्हणजे माणूस पाण्यात पडला. तोरणात मात्र त्यांना गप्प बसवायचे असते. म्हणून अक्षरांचे चौकोनी बावटे आणि आकड्यांच्या निमुळत्या पताका आलटूनपालटून, ठरलेल्या क्रमाने दोरीत ओवतात. रंग सारखे विखुरले पाहिजेत आणि कुठेही चुकून शब्द तयार होता कामा नये. कुठल्याही देशाचे निशाण या माळेत घालत नाहीत. त्याची जागा डोलकाठीच्या शेंड्यावर. ओवणे आधीच उरकून ठेवायचे, म्हणजे आठच्या ठोक्याला निशाणाबरोबर अख्खी माळ एकदम वर जाते. जहाज चालू लागले की तोरण उतरते, शेंड्यावरची निशाणे तेवढी राहतात. मला तर यातली शिस्त रंगांहून देखणी वाटते.

मागच्या निशाणाची कथा मात्र धरसोडीची. १९५०पासून पांढऱ्यावर लाल क्रॉस आणि कोपऱ्यात तिरंगा होता. २००१मध्ये क्रॉस गेला, २००४मध्ये परतला, सोबत अशोकस्तंभ आला. २०१४मध्ये ‘सत्यमेव जयते’ जोडले गेले. अखेर २ सप्टेंबर २०२२ला कोचीत नवी विमानवाहू नौका ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली, त्याच समारंभात नव्या निशाणाचे अनावरण झाले: कोपऱ्यात तिरंगा, आणि दुहेरी सोनेरी कडेच्या निळ्या अष्टकोनात नांगरावर अशोकस्तंभ. हा अष्टकोन शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतला. शिवनेरी आणि ओझर एकाच तालुक्यातले, तेव्हा जुन्नरकरांनी थोडी कॉलर ताठ केली तर चालेल.

हा दिमाख पाहायला जुन्नरकराला मुंबई गाठावी लागते. २० डिसेंबर २०११ला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी तिथे ‘आयएनएस सुभद्रा’वरून ताफ्याची पाहणी केली होती. पण पुणे जिल्ह्यालाही एक ‘जहाज’ आहे, तेही घाटमाथ्यावर: लोणावळ्याची ‘आयएनएस शिवाजी’. १९४५पासून इथे नौदलाचे अभियंते घडतात. तळ जमिनीवरचा असला तरी नाव जहाजाचे, आणि निशाणाचा मानही जहाजाचाच. फेब्रुवारी २०२०मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी या संस्थेला राष्ट्रपतींचे मानाचे निशाण प्रदान केले.

सगळ्यात लांब पताका मात्र जहाजाच्या वाट्याला येते ती नौदलातून निवृत्त होताना. तिची लांबी सेवेच्या वर्षांवर ठरवण्याची प्रथा आहे. विमानवाहू नौका ‘विराट’ ६ मार्च २०१७ला मुंबईत निवृत्त झाली, तेव्हा तिची भारतीय नौदलातली तीस वर्षे भरत आली होती. त्याआधीची सत्तावीस ब्रिटिश नौदलातली.