वृद्धाश्रमाचा उंबरठा ओलांडण्यापूर्वी

बेळगावनजीक बामणवाडीच्या शांताई वृद्धाश्रमाचे नाव सीमाभागास परिचित आहे. म्हाताऱ्या आईवडिलांसाठी अशा आश्रमांची चौकशी करणाऱ्यांस आम्ही सांगतो : आश्रम कोणताही असो, दर्शनी खोली पाहून परतू नका. न्हाणीघराची फरशी निसरडी आहे काय, भिंतीस धरावयास दांडा आहे काय, रात्री जागे कोण असते, हे पाहा. अंथरुणास खिळलेल्या माणसास वरचेवर कुशीवर न वळविल्यास पाठीस जखमा होतात, आणि त्या पांघरुणाखाली दिसत नाहीत.

२००७ च्या कायद्यात वृद्धास टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. (हे काही घरांस बोचेल, बोचू द्या.)

भेटीस जावे, पण रविवारी मिस्सानंतर, सर्वांस ठाऊक असलेल्या वेळी नव्हे. बुधवारी, जेवणाच्या सुमारास, न कळविता जावे.